गळ्यावरून चेहऱ्याकडे जाताना

गेल्या आषाढात एका पावसाळी संध्याकाळी माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील कर्वेनगरमधल्या आमच्या वर्गात आले आणि त्यांनी मिटलेल्या पेटीवर कागदांचा एक जाडसर गठ्ठा ठेवला. मुलगी पंधरा वर्षांची, नुकतीच दहावीत गेलेली. आदल्या वर्षी दूरचित्रवाणीवरच्या गाण्याच्या एका स्पर्धेत ती बरीच पुढे पोहोचली होती, तिच्या गाण्याचे व्हिडिओ घरोघरी पाहिले गेले होते, आणि आता एका निर्मिती संस्थेने तिला रोज प्रसारित होणाऱ्या मालिकेत नायिकेच्या धाकट्या बहिणीची भूमिका देऊ केली होती. करार इंग्रजीत होता, ३२ पानांचा. वडील भोसरीच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. त्यांनी तो दोनदा वाचला होता आणि समासात पेन्सिलीने सात ठिकाणी प्रश्नचिन्हे केली होती. "ताई, तुम्ही म्हणाल तसं करू," असे ते म्हणाले. मुलगी माझ्या मागे भिंतीला टेकून बसली होती आणि तानपुऱ्याच्या गवसणीची नाडी बोटाला गुंडाळत होती. तिला स्वतःला काय वाटते, हे त्या अर्ध्या तासात आम्हा दोघांपैकी कोणीही विचारले नाही, आणि ही चूक माझ्या लक्षात आली ती बापलेक जिना उतरून गेल्यावर.

तेव्हापासून मी या प्रश्नाचा विचार करते आहे, आणि तो एका घरापुरता नाही अशी माझी खात्री झाली आहे. पुण्यात गाणे शिकणाऱ्या मुलांची संख्या मोठी आहे, स्पर्धा पुष्कळ आहेत, आणि एकदा गळा गाजला की चेहऱ्याला मागणी येते हे आता क्लासच्या दाराशी चपला काढून बसलेल्या पालकांनाही ठाऊक झाले आहे. या बाबतीत आपल्याकडे दोन मते ठामपणे मांडली जातात. एक मत म्हणते की गाणे ही साधना आहे, सिनेमा-मालिकांच्या नादी लागलेला गळा वाया गेलाच म्हणून समजा. दुसरे म्हणते की आलेल्या लक्ष्मीला दारातून परत पाठवू नये, चार लोक ओळखतात तोवर जे मिळेल ते पदरात पाडून घ्यावे. मला दोन्ही मते मान्य नाहीत. गाणाऱ्या मुलाने अभिनयाकडे वळण्यात गैर काहीच नाही. गैर आहे ती त्यातली घाई, आणि ज्या वयात ही घाई केली जाते त्या चौदा ते अठरा या वयाला आज ना शिक्षणाचा पुरेसा आधार मिळतो ना कायद्याचा.

गाण्याला अभिनयाचा विटाळ मानणाऱ्यांनी आपल्याच शहराचा इतिहास आठवावा. नारायणराव राजहंस लहानपणी पुण्यात लोकमान्य टिळकांसमोर गायले आणि 'बालगंधर्व' हे नाव त्यांना तिथून मिळाले, असे सांगतात. १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत ते दाखल झाले तेव्हा त्यांचे वय होते सतरा. म्हणजे गळ्यासाठी ओळखला जाणारा एक किशोरवयीन मुलगा अभिनयाच्या व्यवसायात आला, आणि पुढची कित्येक दशके मराठी माणसाने नाट्यसंगीत ज्या रूपात कानात आणि डोळ्यांत साठवले ते रूप त्यातून घडले. दामूअण्णा जोशी यांच्या बालमोहन मंडळीत कोवळ्या वयात आलेले सौदागर गोरे पुढे छोटा गंधर्व झाले. गळा आणि चेहरा यांची फारकत ही आपल्या परंपरेत नव्हतीच. पार्श्वगायनाने ती नंतर घडवून आणली. तेव्हा एखाद्या गाणाऱ्या मुलीने कॅमेऱ्यासमोर उभे राहायचे ठरवले, तर ती काही परंपरा मोडत नाही, उलट एका जुन्या वाटेवर परत येते.

परंतु त्या जुन्या वाटेवर एक गोष्ट होती, जी आजच्या वाटेवर नाही, आणि ती म्हणजे तालीम. नाटक मंडळीत आलेल्या मुलाला गळा आहे म्हणून दुसऱ्या दिवशी नायिकेचे लुगडे नेसवून उभे केले जात नसे. गोविंद बल्लाळ देवल यांच्यासारखा जाणता नाटककार मंडळीत तालीममास्तर असे. शब्द कुठे तोडायचा, पदर कसा सावरायचा, समोरचे पात्र बोलत असताना आपण काय करायचे, हे तो महिनोन्महिने घोटून घेई. गाण्याची तालीम भास्करबुवा बखल्यांची आणि बोलण्याची तालीम देवलांची, असे दुहेरी शिक्षण बालगंधर्वांना मिळाले. मी त्या काळाला सोन्याचा मुलामा देऊ इच्छित नाही. मंडळीत आलेल्या बहुतेक मुलांची शाळा कायमची सुटत असे, बिऱ्हाडात त्यांचे हाल होत, आणि आवाज फुटल्यावर त्यांच्यापैकी कितीजण कुठे गेले हे कोणी लिहूनही ठेवलेले नाही. तरीही गाणे येते म्हणून अभिनय येतोच, असे तिथे कोणी गृहीत धरत नव्हते.

हे गृहीतक किती पोकळ आहे, ते मी जवळून पाहिले. करार येण्यापूर्वी निर्मात्यांनी त्या मुलीकडून ऑडिशनचा एक व्हिडिओ मागवला होता, आणि तिने तो माझ्याच वर्गात, खिडकीशी उभे राहून, मैत्रिणीच्या मोबाईलवर चित्रित केला होता. वाक्य अगदी साधे होते: "आई, मला नाही जायचं तिकडे. मला इथेच राहायचंय, नाही म्हणजे नाही." मुलगी ते सुरात म्हणाली. शेवटचा 'नाही' पंचमावरून निघाला, मींड घेत, म्हणजे न तुटता सरकत, खाली आला आणि गंधारावर टेकला. ठुमरीत तो शब्द असा टेकला असता तर मी मान डोलावली असती. पण रुसलेली, घाबरलेली मुलगी असे बोलत नाही. तिचा शब्द तुटतो, अडखळतो, कधी नुसता श्वासच बाहेर पडतो. माझ्या विद्यार्थिनीच्या बोलण्यात कुठेही बेसूर जागा नव्हती, आणि नेमकी तीच तिची अडचण होती.

गाणाऱ्या माणसाच्या अंगात अशा आणखी कितीतरी सवयी मुरलेल्या असतात. आम्ही डोळे मिटून गातो, कारण स्वर आत शोधायचा असतो. कॅमेऱ्याला मात्र सगळ्यात आधी डोळे हवे असतात. आमचा हात लयीबरोबर उठतो आणि समेवर येऊन पडतो. पडद्यावर तोच हात कारण नसताना हलला की खोटा दिसतो. वाक्याचा शेवटचा स्वर आम्ही धरून ठेवतो, कारण तो सोडला तर गाणे संपते. एवढेच काय, स्वतःच्याच आवाजात ध्वनिमुद्रित झालेल्या गाण्यावर ओठ हलवणेसुद्धा गायकाला अवघड जाते. गाणे आधीच गाऊन झालेले असते, म्हणून छाती श्वास घेत नाही, मानेच्या शिरा ताणल्या जात नाहीत, आणि पाहणाऱ्याला काहीतरी चुकते आहे एवढे कळते, काय ते सांगता येत नाही. याच्या उलट बाजूही आहे. लयीची जाण, थांबण्याची हिंमत, एकच ओळ दहा अंगांनी म्हणून पाहण्याची सवय, हे गायकाजवळ असलेले भांडवल नटाला फार उपयोगी पडते. पण ते भांडवल वापरायला शिकावे लागते, आणि त्या शिकण्याला वेळ लागतो. एपिसोड रोज द्यायचा असतो तिथे तो वेळ कोणी कोणाला देत नाही.

शांता आपटे यांचे उदाहरण इथे मला फार मोलाचे वाटते. १९३२ च्या 'श्यामसुंदर'मध्ये त्या कोवळ्या वयात राधा होऊन पडद्यावर आल्या, आणि पुढे प्रभात कंपनीच्या 'अमृतमंथन' आणि 'कुंकू' या चित्रपटांनी त्यांना देशभर नेले. त्या काळात पडद्यावर गाताना नट एका जागी पुतळ्यासारखे उभे राहत. शांताबाई गाताना डोळ्यांनी, हातांनी, सगळ्या अंगाने बोलत असत. गाणे थांबते आणि अभिनय सुरू होतो अशी शिवण त्यांच्या कामात दिसत नाही. 'कुंकू'तली नीरा म्हाताऱ्या नवऱ्याशी झालेले लग्न नाकारते तेव्हा ती गाणारी नटी वाटत नाही, ती त्या घरात कोंडली गेलेली मुलगी वाटते. 'श्यामसुंदर' ते 'कुंकू' हे अंतर पाच वर्षांचे आहे, आणि त्या वर्षांत शांताबाईंनी कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याची विद्या मेहनतीने मिळवली होती. बालगंधर्वांसारखा अलौकिक गायक नट १९३५ मध्ये त्याच प्रभातच्या 'धर्मात्मा'त संत एकनाथ झाला तेव्हा रंगभूमीवरची त्यांची जादू पडद्यावर उतरली नाही. एका माध्यमातली थोरवी दुसऱ्या माध्यमात आपोआप वठत नाही, हे पुण्याने लॉ कॉलेज रस्त्यावरच्या एकाच आवारात, दोन-तीन वर्षांच्या अंतराने, दोन्ही बाजूंनी पाहिले आहे.

दुसऱ्या टोकाला लता मंगेशकर आहेत. मास्टर दीनानाथ एप्रिल १९४२ मध्ये पुण्यात गेले, तेव्हा लताबाई बारा वर्षांच्या होत्या. घर चालवायचे होते, म्हणून त्यांनी मास्टर विनायकांच्या चित्रपटांत लहानसहान भूमिका केल्या. त्यातली पहिली त्याच वर्षीच्या 'पहिली मंगळागौर'मधली. चेहऱ्याला रंग लावणे, दिव्यांच्या झोतात उभे राहणे, सांगितले की हसणे आणि सांगितले की रडणे, यातले काहीही आपल्याला आवडत नव्हते, हे त्यांनी पुढे अनेक मुलाखतींत मोकळेपणाने सांगितले. गाण्यातून पोट भरू लागले तसा त्यांनी अभिनय सोडला. गरजेपोटी एक मूल कॅमेऱ्यासमोर उभे राहिले, आणि त्याची इच्छा कोणी विचारली नाही, असाच याचा अर्थ आहे. लताबाई त्यातून बाहेर पडल्या, कारण त्या लताबाई होत्या. बाहेर न पडू शकलेल्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत.

परदेशातली गोष्टही फार वेगळी नाही. अमेरिकेची मँडी मूर १९९९ मध्ये, पंधराव्या वर्षी, 'कँडी' या गाण्याने प्रसिद्धीला आली. त्या वर्षांत तिकडे किशोरवयीन पॉप गायिकांची लाटच आली होती आणि कंपन्या एकामागून एक मुली त्याच साच्यातून काढत होत्या. २००२ मध्ये 'अ वॉक टू रिमेंबर' या चित्रपटात ती नायिका झाली. नंतरची बरीच वर्षे मात्र चढउतारांची गेली. मालिकांचे काही प्रायोगिक भाग पुढे सरकलेच नाहीत. २०१६ मध्ये 'धिस इज अस' ही मालिका सुरू झाली आणि २०२२ पर्यंत सहा पर्वे चालली, तेव्हा कुठे अभिनेत्री म्हणून तिचे नाव पक्के झाले. एकाच स्त्रीची तरुणपणापासून म्हातारपणापर्यंतची वये तिला त्यात उभी करायची होती, आणि ती तिने उभी केली. स्वतःच्या सुरुवातीच्या अल्बमविषयी, ते विकत घेणाऱ्यांचे पैसे परत द्यावेत, अशा अर्थाचे काहीतरी ती मधल्या काळात बोलून गेली होती. त्या बोलण्याकडे मी गांभीर्याने पाहते. पंधराव्या वर्षी इतरांनी ठरवलेले काम पंचविशीत परके वाटू लागावे, यात मुलीचा दोष नाही.

आपल्याकडे 'सारेगमप लिटिल चॅम्प्स'चे २००८-०९ चे पर्व अजून लोकांच्या लक्षात आहे. त्या पर्वातली आर्या आंबेकर तेव्हा चौदा वर्षांची होती, आणि नायिका म्हणून ती पडद्यावर आली ती जानेवारी २०१७ मध्ये, 'ती सध्या काय करते' या चित्रपटातून, वयाच्या बाविसाव्या वर्षी. मधल्या आठ वर्षांत ती गात राहिली. चित्रपट कोणाला किती आवडला हा प्रश्न इथे गौण आहे. महत्त्वाचे हे की त्या आठ वर्षांनी तिचे नाव पुसले गेले नाही. त्याच पर्वातले पाचही अंतिम स्पर्धक २०२१ मध्ये त्याच कार्यक्रमात परीक्षक होऊन बसले आणि प्रेक्षकांनी त्यांना घरच्या मुलांसारखे ओळखले. "आत्ता नाही तर कधीच नाही" असे म्हणून पालकांना घाई करायला लावणाऱ्यांनी हा बारा वर्षांचा हिशेब समोर ठेवावा. अर्थात हे पाच जण शेवटपर्यंत पोहोचलेले होते, सुरुवातीच्या फेऱ्यांत गळालेली मुले आज कोणाला आठवत नाहीत, हेही मला कबूल केले पाहिजे. प्रसिद्धीचा काळ थोडा असतो ही भीती सर्वस्वी खोटी नाही. पण ज्या मुलाला लोक दोन वर्षांत विसरणार असतील, त्याला मालिकेतल्या एका भूमिकेने जन्मभर लक्षात ठेवतील, असे तरी कशावरून म्हणायचे?

आता वयाविषयी थोडे, कारण गाण्याच्या शिक्षिकेला हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मुलांचा आवाज फुटतो हे सगळ्यांना माहीत असते. मुलींचाही आवाज या वयात बदलतो, फक्त तो बदल हळूहळू होत असल्याने ध्यानात येत नाही. आवाजात हवा मिसळू लागते, मधल्या सप्तकात एखादी जागा पोकळ होते, कालपर्यंत सहज लागणारा तार षड्ज आज चोरून लावावा लागतो. या काळात गळ्याला नियमित, बेताचा रियाज लागतो आणि पुरेशी झोप लागते. मराठी दैनंदिन मालिकांचे चित्रीकरण बहुतांशी मुंबई-ठाण्याकडे होते आणि शिफ्ट बारा बारा तासांची असते. पुण्याच्या मुलीने हे करायचे म्हणजे एक तर आईला घेऊन तिकडे बिऱ्हाड करायचे, नाहीतर द्रुतगती मार्गावर आयुष्य काढायचे. काही वर्षांपूर्वी माझी दुसरी एक विद्यार्थिनी चित्रीकरण आटोपून थेट वर्गात येत असे. केसांच्या रेषेशी मेकअपची पिवळसर कड राहिलेली असे, आणि ती मंद्र पंचमापासून सुरुवात करी, कारण दिवसभर रडण्याचे प्रसंग देऊन वरचा गळा बसलेला असे. चार महिन्यांनी ती यायची थांबली. तिने गाणे सोडले असे कोणी म्हटले नाही. नुसते येणे थांबले.

आणि कायदा? बालकामगार प्रतिबंधक कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सरसकट बंदी झाली. अपवाद राहिला तो घरच्या कामातल्या मदतीचा आणि चित्रपट, मालिका, जाहिरातींसारख्या क्षेत्रांत कलावंत म्हणून काम करण्याचा. त्या अपवादाला आवर घालणारे नियम २०१७ मध्ये आले आणि ते मोठे विचारपूर्वक लिहिलेले आहेत. बालकलाकाराला दिवसात पाच तासांपेक्षा अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा अधिक काम देता येत नाही. निर्मात्याला जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. सलग २७ दिवसांहून जास्त काम नाही, शिक्षणात खंड पडता कामा नये, मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला उभे करायचे नाही, आणि त्याच्या कमाईचे किमान २० टक्के थेट राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेव म्हणून जमा करायचे, जे त्याला सज्ञान झाल्यावर मिळतील. पण हा सगळा नियम 'बालक' या शब्दाशी बांधलेला आहे, आणि कायद्याच्या व्याख्येत बालक म्हणजे चौदा वर्षे पूर्ण न झालेले मूल. चौदा ते अठरा या किशोरवयीनांसाठी कामाच्या तासांची सर्वसाधारण कलमे कायद्यात आहेत. मात्र कलावंतासाठी लिहिलेली ठेवीची, शिक्षणाची आणि इच्छेची तपशीलवार अट त्यांना लागू होत नाही. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत किशोरवयीनांचा विचार केलेला आहे, परंतु सूचना आणि नियम यांत काय अंतर असते ते अनुभवी माणसाला सांगायला नको.

या फटीत नेमके कोण सापडते? तेरा वर्षांची बालकलाकार सापडत नाही, एकोणीस वर्षांची नायिका सापडत नाही. सापडते ती चौदा-पंधराव्या वर्षी स्पर्धेतून नावारूपाला आलेली गायिका. अल्पवयीन व्यक्तीने केलेला करार भारतीय करार कायद्यानुसार निरर्थक असतो, म्हणून सही पालकांची असते. काम मुलीचे, चेहरा मुलीचा, सही बापाची. आमच्यासमोरच्या त्या ३२ पानांत तीन वर्षे अन्य कोणासाठीही गायचे नाही असे एक कलम होते. अभिनयाच्या करारात गळाही बांधून घेतलेला होता. वडिलांच्या पेन्सिलीचे सगळ्यात गडद प्रश्नचिन्ह तिथे होते. शिक्षणासाठी सुट्टी, ठेव, दिवसाचे तास यांविषयी मला त्यात एकही ओळ सापडली नाही.

१९३९ साल या बाबतीत आठवण्यासारखे आहे. जॅकी कूगन हा 'द किड'मधला मूकपटांच्या काळचा बालनट मोठा होऊन आपली कमाई मागायला गेला, तेव्हा आई आणि सावत्र वडिलांनी ती बहुतेक उडवून टाकल्याचे त्याला आढळले. तो न्यायालयात गेला, आणि १९३९ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने बालकलाकारांच्या उत्पन्नाचे रक्षण करणारा कायदा केला. तिथे आज अल्पवयीन कलावंताच्या कमाईतले १५ टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, आणि अल्पवयीन म्हणजे तिथे अठरा वर्षांखालील. त्याच १९३९ मध्ये पुण्यात शांता आपटे करार आणि पगाराच्या वादातून प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या होत्या. देशातली एक आघाडीची गायिका-अभिनेत्री स्वतःच्याच कंपनीच्या दारात अन्न सोडून बसली, हे त्या काळी लोकांना चमत्कारिक वाटले असेल. पुढच्याच वर्षी त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहिले आणि या धंद्यात येऊ पाहणाऱ्या मुलींना आतली व्यवस्था कशी चालते ते सांगितले. मुलींनी येऊ नये असे त्यांना म्हणायचे नव्हते. डोळे उघडे ठेवून, आपली किंमत जाणून यावे, अशी त्यांची कळकळ होती. पुण्यातल्या प्रत्येक गाण्याच्या क्लासमध्ये पालकांना ते वाचायला द्यावे, असे मला मनापासून वाटते.

माझी मागणी मोठी नाही. २०१७ च्या नियमांतली ठेवीची, शिक्षणाची आणि मुलाच्या संमतीची अट अठराव्या वर्षापर्यंत लांबवावी; त्यासाठी नवा कायदा नको, नियमात बदल पुरेल असे मला वाटते. मुलाच्या कराराचा मराठी मसुदा पालकांना मिळावा. आणि आम्ही शिक्षकांनी आपली सोवळी बाजूला ठेवावीत. या शहरात भारत गायन समाज १९११ पासून आहे, गांधर्व महाविद्यालय आहे, विद्यापीठात ललित कला केंद्र आहे, प्रभातच्याच जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट आहे, बालनाट्याची शिबिरे प्रत्येक उन्हाळ्यात भरतात, आणि पुरुषोत्तम करंडकाने १९६३ पासून कॉलेजातल्या मुलांना भरत नाट्य मंदिराच्या मंचावर उभे केले आहे. तरीही गाण्याच्या वर्गातली मुले नाटकाच्या वर्गात जात नाहीत आणि तिकडची इकडे येत नाहीत. एकाच पेठेत, दोन गल्ल्यांच्या अंतरावर, दोन विद्या एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या आहेत. पैशाची गरज असलेल्या घरांना "थांबा" असे कोरडेपणाने सांगण्याचा मला अधिकार नाही, हे मी जाणते; भोसरीच्या त्या घरावर गृहकर्जाचे हप्ते आहेत आणि देऊ केलेली रक्कम वडिलांच्या वर्षाच्या पगाराहून अधिक होती. म्हणूनच थांबणे परवडेल अशी व्यवस्था मागते आहे, आणि न थांबणाऱ्यांच्या पदरात निदान काही शिल्लक राहील अशी.

पुढच्या आठवड्यात मी मुलीला एकटीलाच विचारले. ती म्हणाली, "ताई, मला करायचंय. पण मला येत नाही ते." एवढे स्वच्छ उत्तर आम्हा मोठ्यांपैकी कोणी दिले नव्हते. मग आम्ही तिघांनी बसून चार बदल सुचवणारे पत्र लिहिले: परीक्षेच्या काळात सुट्टी, दिवसाचे तास, ठेव, आणि गाण्यावरचे बंधन काढणे. पत्राला उत्तर आले नाही. श्रावण संपता संपता मालिकेची जाहिरात झळकली, तेव्हा धाकट्या बहिणीच्या जागी दुसरी मुलगी होती. माझी विद्यार्थिनी दोन आठवडे माझ्याशी नीट बोलली नाही, आणि तिच्या जागी मी असते तर मीही बोलले नसते.

मार्चमध्ये दहावीची परीक्षा झाली. एप्रिलमध्ये तिने सदाशिव पेठेतल्या एका नाट्यशिबिरात नाव घातले आणि महिनाभर दोन्हीकडे येत-जात राहिली. परवा ती लवकर आली, वर्गात दुसरे कोणी नव्हते. खिडकीशी उभी राहून तिने ते जुनेच वाक्य म्हटले, "आई, मला नाही जायचं तिकडे." बराच वेळ थांबली. मग "नाही म्हणजे नाही" म्हणाली, आणि या वेळी शेवटचा 'नाही' कोणत्याच स्वरावर टेकला नाही, मधेच तुटला. मी पेटीवरचा हात काढून घेतला होता, हे मला नंतर कळले. तिने माझ्याकडे पाहिले, काही विचारले नाही, आणि गवसणी काढून तानपुरा जुळवायला बसली.